मागच्या टाकीचं झाकण

लढाई संपली आणि मिलिटरीच्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा माझ्या नवऱ्यानं बेळगावकडनं एक व्हॅन आणली. हिरवा रंग, चपटं तोंड, मागं पत्र्याची पेटी. तिला पेट्रोलच्या दोन टाक्या होत्या. एक ड्रायव्हरच्या सीटखाली, लहान. दुसरी मागं डाव्या अंगाला, चांगली मोठी. सीटजवळ पितळेचा एक कॉक होता. तो पुढं वळवला की इंजिन पुढच्या टाकीतलं पेट्रोल ओढायचं, मागं वळवला की मागच्या टाकीतलं. तेव्हा पेट्रोलला कूपन लागायचं, आणि गगनबावड्याच्या पुढं कोकणात उतरलं की पंप सापडायचा नाही. त्यामुळं दोन टाक्यांची गाडी मिळाली म्हणून हे फार खूश होते.

मलाही गाडीचं कौतुक होतं. माझे वडील कोल्हापुरातल्या एका स्टुडिओची गाडी चालवायचे. नटनट्यांचे कपडे, पडदे, दिवे, सगळं त्या गाडीतनं जायचं. मी त्यांची एकुलती एक. सुट्टीच्या दिवशी ते बॉनेट उघडून बसले की मी पाने हातात द्यायला उभी. पुढं मोकळ्या माळावर त्यांनी मला गाडी चालवायलाही शिकवली. आई म्हणायची, पोरीच्या अंगाला पेट्रोलचा वास मारतोय, हिला कोण करून घेणार? ज्यांनी करून घेतली त्यांना तो वास आवडायचा.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत आमचं चांगलं बस्तान बसलं. हे इथनं गूळ आणि मिरची भरून घाट उतरायचे आणि येताना खालनं मीठ, सुकट, नारळ घेऊन यायचे. माल होता पेठेतल्या एका व्यापाऱ्याचा. कमी बोलणारा, तोंडात कायम सुपारी असलेला माणूस. त्याला ह्यांचा भरवसा होता. घाटातनं गाडी वेळेवर वर आणणारे ड्रायव्हर तेव्हा थोडे होते.

ह्यांचा एक मावसभाऊ होता. ह्यांची आई लहानपणीच गेली, तेव्हा मावशीनं ह्यांना आपल्या घरी नेलं आणि दोघांना एका ताटात जेवू घालून वाढवलं. हे मोठे, तो वर्षा-दीड वर्षानं लहान. रेल्वे फाटकाजवळ त्याचं गॅरेज होतं. आमची गाडी त्याच्याशिवाय कुणाच्या हातात जायची नाही. आठवड्यातनं एकदा-दोनदा तो जेवायला आमच्याकडंच असायचा. मी त्याला भावजी म्हणायची. ताटावर बसला की म्हणायचा, "वैनी, तुमच्या हातचं सुकं मटान खाल्लं की आईच्या हातचं गोड लागत न्हाय." मी त्याला हाडाच्या चांगल्या फोडी शोधून वाढायची. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढं मी त्याच्याशी जशी वागले, ते वाचताना कुणाला वाटू नये की माझं आधीपासूनच त्याच्याशी वाकडं होतं.

एका दिवाळीनंतर मागची टाकी शिवणीतनं गळायला लागली. भावजीनं टाकी उतरवून घेतली, कथलाचा डाग देऊन दुरुस्त केली आणि परत बसवली. तिथनं गाडीचं दुखणं सुरू झालं.

दुखणं विचित्र होतं. निघताना गाडी झकास. मग मध्येच धाप लागल्यासारखी करायची, दोन-चार आचके द्यायची आणि बंद. हे खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे, तारा बघायचे, मागच्या टाकीचं झाकण काढून आत काठी बुडवून पेट्रोल किती आहे ते बघायचे. पेट्रोल भरपूर असायचं. मग इंजिनाला पुढनं हँडल मारलं की थोड्या वेळानं गाडी चालू! पुन्हा काही मैल चांगली जायची, आणि पुन्हा तेच. एकदा कळे गावाच्या अलीकडं ऐन उन्हात, एकदा बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात. नारळाची गाडी वेळेवर न आल्यामुळं व्यापारी एकदा दारात येऊन उभा राहिला. नुसता सुपारी चघळत गाडीकडं बघत राहिला. त्याचं ते बघणं ह्यांना बोलण्याहून जास्त लागलं.

भावजी दर वेळी गाडी नेऊन ठेवायचा. पंप बदलला, कार्बोरेटर साफ केला, पाईप फुंकले. त्याच्या अंगणात गाडी घड्याळासारखी चालायची. मग तो हात पुसत म्हणायचा, "दादा, इंजिनच बसलंय रं. मिलिटरीनं पिळून काढल्याली गाडी ही. तापली की दम सोडती. इकून टाक."

ह्यांना ते पटत चाललं होतं. गाडीचं तोंड बघितलं की ह्यांचं तोंड उतरायचं.

पावसाळा तोंडावर आला असताना शेवटची खेप म्हणून हे खाली गेले. येताना मीठ भरलं होतं, म्हणजे ओझं जास्त. मागची टाकी काठोकाठ भरलेली. घाटाचा खालचा टप्पा पुढच्या टाकीवर चढले, ती संपली तेव्हा कॉक मागं वळवला. वरच्या वळणाच्या अलीकडं गाडीनं आचके दिले आणि चढावरच बंद पडली. वळवाची सर नुकतीच येऊन गेलेली, रस्ता ओला. हँडब्रेक ओढून हे खाली उतरले, चाकामागं दगड लावायला वाकले आणि गाडी मागं सरकली. डाव्या पायावरनं चाक गेलं. गाडी तशीच मागं जाऊन कठड्याला टेकली म्हणून दरीत गेली नाही. मागनं येणाऱ्या एका बैलगाडीवाल्यानं ह्यांना गगनबावड्यापर्यंत आणलं.

डॉक्टरांनी पाय काढला नाही, पण घोट्याचा चुरा झाला होता. पाय प्लास्टरमध्ये घालून ह्यांना घरी आणलं, तेव्हा पाऊस सुरू झाला होता. पडवीत खाट टाकली. समोर अंगणात ताडपत्री घालून गाडी उभी केली होती. ती भावजीनंच ओढून आणली होती.

पंधरवडा गेला नाही तोवर तो खाटेशी येऊन बसला. माझ्या हातचा चहा घेतला. म्हणाला, "दादा, आता ह्ये धूड कशाला ठेवतोस दारात? वैनीला बघून बघून तरास. मी घेतो भंगारात. तुला दवाखान्याला तेवढंच." मग जरा थांबून म्हणाला, "आणि शेटचा माल मीच आणतोय सध्या, भाड्याच्या लॉरीनं. न्हायतर दुसऱ्याच्या हातात जायाचा. तुझा पाय बरा झाला की बघू."

हे डोळे मिटून "व्हय" म्हणाले. मी कपबशी उचलून आत गेले. तेव्हा मला त्याचा राग आला नव्हता. राग गाडीचा आला होता. माझ्या माणसाचा पाय खाऊन ती दारात गप उभी होती, आणि तिला नेमकं काय झालं होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मला ते कळायला हवं होतं. विकायची असली तरी कळल्यावर विकू, असं मी मनात धरलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. मी पदर खोचला, पान्यांची पिशवी काढली आणि ताडपत्री ओढली.

"काय करतीयास?" खाटेवरनं हे ओरडले.

"गाडी बघतो," मी म्हटलं. आमच्याकडं बायकाही ‘मी बघतो, मी जातो’ असंच बोलतात.

"अगं, त्यानं चारदा बघितली. तू काय बघणार?"

"तुमी सांगा, मी हात लावतो. बसून तरी काय करतासा?"

ते काही वेळ भिंतीकडं तोंड करून पडले. मग त्यांनाच राहवेना. कोपरावर रेलून म्हणाले, "पयलं कार्बोरेटरचा पाईप सोड. हँडल मारून बघ, पेट्रोल येतंय का."

पाईप सोडला, खाली पितळी धरली आणि हँडल मारलं. कॉक पुढं असताना पेट्रोलची चिळकांडी उडाली. मागं वळवला तरी तशीच उडाली. म्हणजे पंप चांगला. मागचा पाईप सोडून तोंडानं फुंकला, पलीकडं टाकीत बुडबुडे वाजले. पाईप मोकळा. पेट्रोलची चव दिवसभर जिभेवर राहिली, भाकरीलाही तीच. मग टाकीतलं सगळं पेट्रोल जुन्या धोतराच्या फडक्यातनं डब्यात गाळलं. वाटलं होतं एखादी चिंधी, गंजाचे पापुद्रे असं काही निघेल. काही निघालं नाही. कॉकला साबणाचा फेस लावून बघितलं, कुठं हवा खातो का. तोही ठीक.

"बघितलंस?" हे म्हणाले. "इंजिनच गेलंय."

"इंजिन गेलं असतं तर पुढच्या टाकीवर बी बंद पडलं असतं," मी म्हटलं. "आठवा बरं. पुढच्या टाकीवर कधी बंद पडली?"

छताकडं बघत ते एकेक खेप मनात चालवत राहिले. मग हळूच म्हणाले, "न्हाय. एकदा बी न्हाय."

गाळलेलं पेट्रोल मी परत टाकीत भरलं, काठोकाठ, घाटात होतं तसं. झाकण घट्ट लावलं. कॉक मागं. गाडी चालू केली आणि इंजिनाचा वेग जरा चढा ठेवून सोडून दिली. कूपनचं पेट्रोल असं जाळताना जीव खालीवर होत होता. मी भांडी घासायला बसले, कान गाडीकडं. भांडी झाली, परकराला शिवण घातली. आणि गाडीला धाप लागली. आचके दिले. बंद.

आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत राहिलो. अंगणात उभी असताना, चढ नाही, ओझं नाही, आणि तीच धाप.

"कशाला बी हात लावू नगंस!" हे ओरडले. "पयलं कार्बोरेटरचा पाईप."

पाईप सोडून हँडल मारलं. चिळकांडी नाही. दोन थेंब पडले, बस. पंप ओढत होता आणि येत काही नव्हतं. मी मागं गेले आणि टाकीचं झाकण फिरवलं. ते सुटताना आत हवा शिरल्याचा असा आवाज झाला, की पडवीतल्या खाटेवर ह्यांनाही ऐकू गेला. हुस्स करून टाकीनं मोठा श्वास ओढला. पुन्हा हँडल मारलं, तर चिळकांडी पहिल्यासारखी.

टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं तशी आत हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं. ते बंद असलं की टाकी आतनं आवळत जाते, आणि पंपानं कितीही ओढलं तरी पेट्रोल सुटत नाही. झाकण काढलं की हवा शिरते आणि गाडी चालू होते. हे दर वेळी पेट्रोल बघायला झाकण काढायचे, म्हणून गाडी चालू व्हायची. घाटात त्यांना झाकण काढायला सवड मिळाली नाही.

मी झाकण उलटं करून पदरानं पुसलं. आतल्या बाजूला, भोकाच्या जागी, मुगाच्या डाळीएवढा कथलाचा डाग चमकत होता. नखानं खरवडला तर निघेना. मी झाकण ह्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते उन्हाकडं धरलं. कितीतरी वेळ धरून ठेवलं. शेवटी म्हणाले, "टाकीला डाग देताना थेंब उडाला असंल."

"झाकनाच्या आत? बरोबर भोकावर?"

"उडतो कधी कधी."

"आणि चारदा गाडी नेली त्यात कधी दिसला न्हाय?"

"तू माझ्या भावावर असलं बोलू नगंस!" ते इतक्या जोरात ओरडले की प्लास्टरमधला पाय हलला आणि कळवळून त्यांनी खाटेची कड धरली. मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

मला मात्र जेवण गेलं. मला त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी भूक लागली होती. इतके दिवस माझा राग पत्र्यावर होता, तो आता माणसावर ठरला होता. त्या माणसानं घरी बसून, भट्टी पेटवून, त्या एवढ्याशा भोकावर नीट डाग दिला होता. आणि नंतर माझ्याकडं येऊन जेवला होता. मी त्याला वाढलेली एकेक फोड मला आठवत होती.

सकाळी मी ह्यांना म्हटलं, "बरं. थेंब उडाला म्हणतासा न्हवं? मग त्याला म्हाईतच नसणार. गाडी देऊ त्याला. झाकन हाय तसं लावून ठेवतो. मावशीला बी बोलवू, शेटला बी. पयली फेरी देवाची, ज्योतिबाला. त्याला म्हाईत नसंल तर तो बसंल आणि जाईल. म्हाईत असंल तर आईला घेऊन त्या झाकनावर तो डोंगर चढायचा न्हाय."

ह्यांनी उशाखालनं झाकण काढून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "बोलव." मला वाटतं, भाऊ निर्दोष ठरेल अशी त्यांना खात्री होती.

उघडीप बघून रविवार धरला. मी पुरणपोळी केली. पाहुण्यांना पोटभर वाढलं, भावजीला आग्रह करकरून वाढलं. गाडी न्यायला या, असाच निरोप धाडला होता, त्यामुळं तो खुशीत होता. मावशी नवं लुगडं नेसून आली होती. साधी बाई, माझ्या नवऱ्याच्या पायावरनं हात फिरवून सारखी डोळे पुसत होती. भावजीची बायको, माझी जाऊ, तिच्याशेजारी बसली होती. व्यापारी ओट्याच्या कडेला सुपारी कातरत बसला होता. पुढं माल कुणी आणायचा ते पक्कं करायला मीच त्याला बोलावलं होतं.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "भावजी, गाडी आजपासून तुमची. पर पयली फेरी देवाला. मावशींना आणि शेटना घेऊन ज्योतिबाला जाऊन या. टाकी मी भरून ठेवलीया."

"कुठली?" त्यानं पटकन विचारलं.

"मागची. पुढची मोकळी हाय."

तो हसला आणि ताटावरनं उठला. "बघतो की वैनी. जाऊन येऊ. जरा गाडी नजरंखालनं घालतो."

मी पूजेचं ताट घेतलं. हळदकुंकू, नारळ, निरांजन. तो बॉनेट उघडून वाकला, पंपाला हात लावल्यासारखं केलं, चाकांना लाथा मारून बघितल्या आणि मग डाव्या अंगानं मागं गेला. मी उजव्या अंगानं गेले. पायात काही नव्हतं, त्याला ऐकू आलं नाही. त्यानं झाकण फिरवलं, खिशातनं दुसरं झाकण काढलं, ते बसवलं आणि पहिलं खिशात टाकलं. अगदी सहज, सवयीच्या हातानं. त्याच्या अंगणात गाडी घड्याळासारखी का चालायची, ते मला तेव्हा कळलं.

"भावजी," मी मोठ्यानं म्हटलं, "खिशात काय टाकलासा?"

तो वळला. हात खिशावरच होता. "काय न्हाय वैनी. जुनं झाकन. आटे झिजलेत."

"झिजलेत तर काढा की भायेर. शेटना दाखवूया."

"त्यात काय दाखवायचं?"

"काढा म्हणतो न्हवं!"

माझा आवाज ऐकून सगळे उठून आले. त्याला झाकण काढावं लागलं. मी ते घेऊन व्यापाऱ्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "शेट, भोकाला तोंड लावून फुंका." त्यानं सुपारी थुंकली आणि फुंकलं. गाल फुगले, वारा गेला नाही. मग टाकीवरचं नवं झाकण काढून दिलं. त्यातनं शिट्टीसारखा वारा गेला. मी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. व्यापारी गाड्यांमध्येच जन्म काढलेला माणूस. त्यानं झाकण उलटं केलं, डाग बघितला आणि खाटेवरच्या प्लास्टरकडं बघितलं. पायताण घालून तो निघाला. जाताना भावजीला एवढंच म्हणाला, "उद्यापासनं माझ्या गोदामाकडं फिरकू नगंस."

भावजी खाटेकडं गेला. "दादा, ती घाटातच बंद पडंल असं मला वाटलं न्हवतं रं. मला वाटलं गावाजवळ कुटंतरी पडंल, तू कट्टाळशील, देशील..."

ह्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

मावशी जमिनीवर बसली होती. तिनं माझा हात धरला. "पोरी, झाक. घरातलं घरात ऱ्हाऊ दे. त्याची चूक झाली. मी तुझ्या पाया पडतो."

तिनं खरंच पायाला हात लावला. ज्या बाईनं माझ्या नवऱ्याला वाढवलं तिला मी वाकू द्यायला नको होतं, असं कुणी म्हणेल. मी पाय मागं घेतला, तिला उठवून बसवलं, पण झाकीन असं म्हटलं नाही.

मी झाकलं नाही. तेच झाकण मी दोरीत ओवलं आणि गाडीत काचेसमोर टांगलं. पाय प्लास्टरमधनं निघाला तो वाकडाच निघाला, क्लच दाबता येईना. तेव्हा लायसन मी काढलं. लायसनच्या साहेबानं मला बघून हसून घेतलं, मग गाडी मागं घ्यायला लावली, ती सरळ घेतल्यावर हसायचा थांबला. व्यापाऱ्यानं माल आमच्याकडंच ठेवला. मी चालवायची, हे शेजारी काठी घेऊन बसायचे. बाई गाडी चालवते म्हणून नाक्यानाक्यावर लोक जमायचे आणि त्यांची नजर त्या झाकणावर जायची.

"पावणं, ह्ये काय टांगलंय?"

मी सांगायची. कुणी, कुठं, कसं, सगळं. पेट्रोलच्या पंपावर, चहाच्या हॉटेलात, बावड्याच्या नाक्यावर, गोदामाच्या दारात. आवाज न चढवता सांगायची. हे खिडकीतनं बाहेर बघत बसायचे. एकदा म्हणाले, "पुरं की आता." मी म्हटलं, "तुमचा पाय सरळ झाला की पुरं."

मेस्त्रीच्या हातात माणूस गाडी देतो तेव्हा स्वतःचा जीवच देतो. त्याच्या गॅरेजात गाड्या यायच्या बंद झाल्या. मी रोज सकाळी त्या बाजूनं जायची. तो रस्ता लांबचा होता, तरी जायची, आणि दारासमोर आल्यावर हॉर्न वाजवायची. आधी दारात दोन गाड्या दिसायच्या, मग एक, मग नुसतं तेलकट अंगण. एके दिवशी दाराला कुलूप दिसलं. त्या दिवशीही मी हॉर्न वाजवला. मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं बरेच दिवस टिकलं. मावशी त्याच वर्षी गेली. हे खांदा द्यायला गेले. मी गेले नाही.

पुढं कळलं की तो कुणाची तरी लॉरी राधानगरीच्या रस्त्याला चालवतो. आमची आणि त्याची गाठ पडली ती काही वर्षांनी, बिद्रीच्या अलीकडं. आम्ही भात भरून येत होतो. दुपारची वेळ. रस्त्याच्या कडेला लॉरी उभी होती, बॉनेट वर, आणि तो हँडल मारत होता. केस पांढरे झाले होते. लॉरीच्या सावलीत जाऊ बसली होती, मांडीवर बोचकं घेऊन.

"थांबव," हे म्हणाले.

मी थांबवली, पण इंजिन चालू ठेवलं. त्यानं हँडल मारलं की त्याची लॉरी जागी व्हायची, फुरफुरायची, दोन क्षण चालायची आणि मरायची. मी ऐकलं. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"जाऊबाई," मी हाक मारली, "गावाकडं निघालायसा न्हवं? बसा गाडीत."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो पुन्हा हँडलकडं वाकला. ती येऊन मागच्या दाराशी उभी राहिली, तेवढ्यात हे काठी टेकत खाली उतरले. म्हणाले, "तिला पुढं बसव. मी थांबतो हितं."

"कशापाई?"

"तो एकटा हाय."

त्यांनी दार लावून घेतलं आणि वाकडा पाय ओढत लॉरीकडं गेले. मी गिअर टाकला.

कोल्हापूर येईपर्यंत जाऊ माझ्या शेजारी बसली होती आणि झाकण तिच्या डोळ्यांसमोर हलत होतं. बरीच वाट गेल्यावर ती म्हणाली, "वैनी, ह्ये काढा की आता. पोरीला स्थळं येत न्हाईत."

"न्हाय," मी म्हटलं.

तिच्या गल्लीच्या तोंडाशी मी तिला उतरवलं, बोचकं हातात दिलं. ती "येतो" म्हणाली. मी "या" म्हटलं.

दिवेलागणीला बाहेर लॉरी थांबल्याचा आवाज आला. ती गल्लीत शिरली नाही, कोपऱ्यावरच थांबली आणि निघून गेली. हे काठी टेकत आत आले. हात काळे झाले होते. मोरीपाशी बसून साबणानं कितीतरी वेळ हात धूत राहिले. मी ताट वाढलं.

"पाईपला चीर हुती," पहिला घास तोडत ते म्हणाले. "वारा खात हुता. पटक्याची चिंधी साबण लावून बांधली. आली चालत."

"मला म्हाईत हुतं. तिथंच ऐकलं मी."

त्यांचा हात थांबला. "मग सांगायचंस की."

मी आमटी वाढली. ते माझ्याकडं बघत होते. त्यांनी भाकरी कुस्करली, आणि जरा वेळानं उद्याच्या खेपेचं बोलायला लागले.